ज्वालामुखीवर भाजलेलं पोस्टकार्ड

मी एक पोस्टकार्ड आहे. तीन कोपरे भाजलेले, चौथा कसाबसा शाबूत. बोलायला बसलोय खरा, पण माझ्या बोलण्याला किती अर्थ आहे याची माझी मलाच खात्री नाही. पोस्टकार्डाने फार बोलू नये. त्याच्या पाठीवर जागाच थोडी असते. त्यात मी आता थकलोय. कुणी उचललं की माझ्या किनारीचा चुरा त्याच्या बोटांना लागतो.

तरीही एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्यामुळे एका मुलीने आपला बाप जिवंतपणी गमावला होता, अकरा दिवस. माझ्यामुळे, की माझ्यावर जे लिहिलं होतं त्यामुळे, की जे लिहायचं राहिलं त्यामुळे, हे तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका छापखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी समुद्र पाहिला नसावा, कारण माझा समुद्र त्यांनी शाईच्या दौतीसारखा निळा केला आणि त्यातून वर उठलेल्या डोंगराच्या भिंतीला पालेभाजीचा हिरवा रंग दिला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्या जागेचं नाव होतं. मग मी पेटीत बंद होऊन दोन महासागर ओलांडले आणि हवाईच्या मोठ्या बेटावर, किलाउएआ ज्वालामुखीच्या अगदी काठावर असलेल्या हॉटेलात येऊन पडलो.

पडलो म्हणजे पडूनच राहिलो. ज्वालामुखी बघायला आलेल्या माणसाला समुद्रातला डोंगर कशाला हवा? माझ्या शेजारची लाल ज्वाळांची कार्डं येत आणि जात. मी आपला हॉटेलच्या काउंटरवर, तारेच्या फिरत्या चौकटीत, वरून चौथ्या घरात. दीड वर्ष तिथून मी माणसं पाहिली. हिलो बंदरावर उतरून, आगगाडीने अर्धी वाट आणि मोटारीने अर्धी वाट येऊन, ती अंग आखडलेली माणसं आत शिरली की पहिला प्रश्न विचारत, "आज दिसतोय ना?" जणू ज्वालामुखी म्हणजे कुणी भेटीची वेळ देणारा साहेब. दुसरा प्रश्न, "कार्डं कुठे मिळतील?"

कारण नुसतं पाहून चालत नसे. पाहिल्याचा पुरावा घरी धाडावा लागे. आणि छापील चित्र हा काही पुरावा नव्हे. चित्र कुणीही विकत घेतो. म्हणून तिथे एक चाल पडली होती. विवराच्या तळावरून तासभर काळ्या, गोठलेल्या लाव्ह्यावर चालत गेलं की अग्निकुंडाच्या अलीकडे एक भेग होती. वरून दिसायला साधी, पण आत अजून निखारा. वाटाड्या चिरलेल्या काठीच्या चिमट्यात कार्ड धरून त्या भेगेत घाली आणि त्याचे कोपरे भाजून देई. मग पाहुणे ते कार्ड आयोवाला, ओहायोला, कुठे कुठे धाडत. 'हे कार्ड ज्वालामुखीच्या आगीवर भाजलं आहे' असं सगळेच लिहीत. एखादा विनोदी लिही, 'नरकातून नमस्कार'. तो विनोद त्या भेगेपाशी दिवसातून तीनदा होत असे, आणि करणाऱ्याला दर वेळी वाटे की आपणच पहिले.

ही कार्डं भाजण्यात योकेपाचा हात धरणारा कुणी नव्हता.

योकेपा तिथला वाटाड्या. पंचेचाळिशीचा, दाराच्या चौकटीएवढा रुंद, बोलायला कमी. आधी तो गुरांच्या मोठ्या कुरणावर घोड्यावरून गुरं वळत असे. गुडघा दुखावल्यावर हॉटेलात घोडे सांभाळायला लागला आणि चार वर्षांपूर्वी वाटाड्या झाला. ज्वालामुखीच्या देवीला तो पेलेआजी म्हणे. वाटेत ओहेलोची लाल फळं तोडली की पहिली मूठ अग्निकुंडाच्या दिशेने टाकून मगच एक तोंडात घाली. पाहुणे हसत आणि मग आपणही टाकत.

कार्ड भाजताना त्याचं तोंड मात्र गंभीर असे. "जास्त धरलं तर जळतं, कमी धरलं तर नुसतं पिवळं पडतं," तो म्हणे. "पावाचा कडक तुकडा होतो ना, तसा रंग आला पाहिजे." त्याच्या तळहाताला त्या आचेने असा घट्टा पडला होता की काठीचं टोक पेटलं तरी त्याला उशिरा कळे.

एकोणीसशे बाराचा मे महिना. हॉटेल भरून वाहत होतं आणि ज्वाळांची कार्डं संपली होती. आयोवाहून आलेल्या मिस ब्लॉजेट नावाच्या एका शिक्षिकेने चौकटीत उरलेली सगळी कार्डं घेतली, त्यात मीही आलो. दीड वर्षाने मी वर उचलला गेलो. आनंद झाला, नाही असं नाही, पण त्या वयात आनंदालाही थोडा वैताग चिकटलेला असतो.

भेगेपाशी मिस ब्लॉजेटने अकरा कार्डं भाजून घेतली. बाराव्याला, म्हणजे मला, हातात धरून ती थांबली.

"योकेपा, माझी माणसं संपली हो. आता उरलेला एकटा डेंटिस्ट. त्याला कशाला पाठवू?"

"पाठवा बाई. दात दुखताना बघेल."

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही कुणाला पाठवलंत आजवर?"

"मी?" योकेपाने काठी खाली टेकवली. "मी इथलाच. मी कुणाला पुरावा देऊ?"

"घरी कुणी नाही?"

"मुलगी आहे. होनोलुलूला. मास्तरीण होणार आहे," योकेपा म्हणाला. 'मास्तरीण' म्हणताना त्याने नकळत टोपी नीट केली. "तिला असलं काही आवडायचं नाही. बापाचा पोरखेळ म्हणेल."

"मीही मास्तरीणच आहे," मिस ब्लॉजेट म्हणाली, "आणि मी अकरा भाजली." तिने मला त्याच्या हातात दिलं.

इतर पाहुणे पुढे गेल्यावर योकेपाने मला चिमट्यात धरलं. हजारो कार्डं भाजलेल्या त्या माणसाने त्या दिवशी चिमटा दोनदा तपासला. एक कोपरा, फिरवून दुसरा, फिरवून तिसरा. आच लागते ती कळ जीवघेणी असते, पण मी तक्रार करत नाही. मला त्या घटकेला पहिल्यांदाच वाटलं की मी कुणासाठी तरी आहे. तिसऱ्या कोपऱ्याला तो जरा जास्तच रेंगाळला. चित्राखालचं नाव होतं ना, त्या डोंगराचं, ते तिथेच जळलं. त्याच्या ध्यानात आलं नाही. मीही काही बोललो नाही. बोलता आलं असतं तरी काय बोललो असतो कोण जाणे.

रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून त्याने माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं:

'लाहेला, मी बरा आहे. इथे आता आमची राहायची सोय नीट केली आहे. जेवणही चांगलं मिळतं. तू इकडे यायचं मनात आणू नकोस. मावशीला इतक्यात काही सांगू नकोस. देवाच्या मनात असेल तर लवकर भेटू. – बाबा.'

यातला शब्दन् शब्द खरा होता. हॉटेलवाल्यांनी वाटाड्यांसाठी नवी खोली बांधली होती, ती सोय. परीक्षा सोडून लाहेलाने उन्हाळ्यात धावत येऊ नये म्हणून ती मनाई. आणि जूनमध्ये तिच्या पदवीच्या समारंभाला अचानक जाऊन उभं राहायचं त्याने ठरवलं होतं, म्हणून मावशीला सांगायचं नाही; मावशीला कळलं की सगळ्या गल्लीला कळे. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. माझ्या पाठीवर नव्हतं. ठिकाणही नव्हतं, तारीखही नव्हती. मुलीला काय, बाप कुठे असतो ते ठाऊकच आहे!

टपालाचा शिक्का पडला तो नेमका भाजलेल्या कोपऱ्यावर. काळ्यावर काळं.

हिलोहून बोटीने मी होनोलुलूला गेलो आणि एका अरुंद गल्लीतल्या लाकडी घराच्या पायरीवर कापेकामावशीच्या हातात पडलो. कापेका ही लाहेलाच्या आईची थोरली चुलतबहीण. लाहेला सहा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा योकेपाने पोरीला हिच्या घरी आणून सोडलं. "कुरणावर पोर वाढवायची म्हणजे वासरू वाढवल्यासारखं होईल," असं म्हणाला आणि निघून गेला. त्याला वर्षं झाली बारा. दर जुलैत तो एकदा येई. गेल्या जुलैत आला नव्हता.

कापेकाने मला आधी हुंगलं. माझ्या अंगाला गंधकाचा वास होता. मग तिने माझे करपलेले कोपरे पाहिले, समुद्र पाहिला, समुद्रातून सरळ उठलेली डोंगराची भिंत पाहिली. आणि मला तिने पायरीवर असं टाकलं, जणू मी विंचू आहे.

"लाहेला! हात लावू नकोस त्याला. आधी इथे ये."

एक गोष्ट मला इथे सांगायला हवी. मोलोकाई बेटावर, समुद्रातून उठलेल्या अजस्र कड्याच्या पायथ्याशी, कलाउपापा नावाची वस्ती आहे. ज्यांना महारोग होई त्यांना सरकार तिथे नेऊन ठेवी. इथल्या लोकांत त्या रोगाचं नाव 'ताटातुटीचा आजार'. गेलेला माणूस परत येत नसे. येत ती त्याची पत्रं, धुरी देऊन, पिवळी पडलेली, वास मारणारी. कापेकाचा सख्खा भाऊ तिथे होता. बारा वर्षं तिने त्याची पत्रं घेतली होती, एक दिवस ती यायची थांबली. त्यामुळे या बाबतीत तिच्या नाकावर अविश्वास दाखवणं कुणाला जमलं नसतं.

लाहेलाने मला उचललंच. सडपातळ मुलगी, बापासारखं रुंद कपाळ, बोटांना खडूचा पांढरेपणा. तिने मला दोनदा वाचलं.

"बाबा हॉटेलात आहेत, मावशी. घोडे सांभाळतात."

"हॉटेलात आहेत तर ठिकाण का नाही लिहिलं? 'आमची राहायची सोय केली आहे'. कुणी केली? 'इकडे येऊ नकोस'. का म्हणून? माझ्या भावाने पहिल्या पत्रात हेच लिहिलं होतं गं, अक्षरही न बदलता. जेवण चांगलं मिळतं म्हणे! तिथून सगळे हेच लिहितात."

लाहेलाने मला उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग फार हळू म्हणाली, "मागच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'हात भाजला, पण मला कळलंही नाही.'"

कापेकाने जाऊन फाटक लावून घेतलं. आचेची जाणीव न होणं ही महारोगाची पहिली खूण, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कार्ड भाजण्याचा धंदा आपण करतो हे योकेपाने मुलीला कधीच कळवलं नव्हतं. मोठ्या माणसाने काठीला कागद लावून दिवसभर उभं राहायचं, याची त्याला लाज वाटे. आणि गल्लीत कुणी ज्वालामुखी बघायला जात नसे. तो खर्च परदेशी लोकांचा. मी ओरडून सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण आवाज कुठला?

त्या दिवसापासून त्या घरात काय घडलं ते मी लाहेलाच्या पुस्तकात दडून पाहिलं. कापेका वाईट बाई नव्हती. ती लाहेलाशी नेहमीसारखीच बोले, नेहमीपेक्षा जरा गोडच. फक्त लाहेलाची पोईची, म्हणजे अळूच्या कंदाच्या लगद्याची, वाटी वेगळी झाली. मग पेला वेगळा झाला. मग अंथरुणावरची चादर उन्हात वेगळ्या दोरीवर पडू लागली.

"मावशी, मी बाबांना दोन वर्षं पाहिलेलंही नाही."

"मला माहीत आहे गं. मी काही म्हणतेय का? तूच सांग, मी काही म्हणतेय?"

ती काही म्हणत नव्हती. पण शेजारणीला तिने सांगितलं होतं, शपथ घालून. सहाव्या दिवशी लाहेला जिथे सरावासाठी मुलांना शिकवायला जाई त्या शाळेतल्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. थोडे दिवस येऊ नकोस, मुलांचे पालक घाबरले आहेत, तू समजूतदार आहेस. समारंभ अगदी तोंडावर आलेला. शहरातल्या शाळेत तिची नेमणूक जवळजवळ ठरलेली. लाहेलाने वर्गातली आपली पेन्सिल आणि रुमाल तेवढा घेतला.

घरी आल्यावर ती रडली नाही. तिने मला पुस्तकातून काढलं आणि समोर ठेवून बराच वेळ बसली. मला वाटलं, आता ही मला चुलीत टाकणार. टाकलं असतं आणि कुणी विचारलं तर 'माझा बाप केव्हाच वारला' म्हणाली असती, तर तिची नेमणूक वाचली असती. गल्लीत दोन घरं तरी अशी होती, ज्यांनी हेच केलं होतं. कापेकाने तेच सुचवलंही, पाठ फिरवून, भांडी घासता घासता.

"तुझ्या बापालाही तेच हवं असेल बघ. म्हणून तर म्हणतो, येऊ नकोस."

"त्यांना नेहमीच हवं असतं की मी येऊ नये," लाहेला म्हणाली. "सहा वर्षांची होते तेव्हाही तेच हवं होतं."

नवव्या दिवशी सकाळी तिने केस घट्ट बांधले, मला झग्याच्या खिशात घातलं आणि आरोग्य खात्याच्या ज्या कचेरीला टाळून लोक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत जातात, तिथे ती सरळ आत गेली.

टेबलाशी एक म्हातारा कारकून होता. चष्मा नाकावर.

"काय काम आहे?"

"माझ्या वडिलांना कलाउपापाला नेलंय. मला त्यांच्या मदतीला जायचंय. तसं जाता येतं म्हणतात."

कारकुनाने लेखणी ठेवली. "पोरी, इथे लोक सुटायला येतात. जायला येणारी तू या वर्षातली पहिली. नाव?"

"योकेपा. किलाउएआचा."

त्याने वही काढली. बोट खाली खाली सरकत गेलं. माझा जीव, जेवढा उरला होता तेवढा, त्या बोटापाशी. "योकेपा चार आहेत. एक म्हातारा. एक चौदा वर्षांचा. हा एक कौआईचा." बोट थांबलं. "आणि हा मोठ्या बेटाचा. मार्चमध्ये गेलेला. वय लिहिलेलं नाही."

लाहेलाने टेबलाची कड धरली.

"तोच असेल असं नाही," कारकून घाईने म्हणाला. "बोट पुढल्या आठवड्यात जाते, विचारून कळवतो."

"विचारा. पण अर्ज आज घ्या."

अर्ज घ्यायचा म्हणजे आधी तपासणी. डॉक्टरने तिच्या हातापायांना टाचणी टोचून पाहिली. तिला दर वेळी कळलं. "तू निरोगी आहेस," डॉक्टर म्हणाला. "पुन्हा विचार कर. गेल्यावर इकडचं सगळं संपेल. नोकरी, लग्न, सगळं."

"त्यांच्यासाठी पोई तरी कोण करणार तिथे?" लाहेला म्हणाली आणि तिने सही केली. सही शाळेत शिकवतात तशी, नीट, ओळीवर.

खिशात मी होतो. मला तेव्हा इतकी लाज वाटली, की भाजताना लागली नव्हती एवढी आच लागली.

अकराव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. कापेका अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटकात योकेपा. नवे बूट, नवी टोपी, काखेत कागदात बांधलेलं मोठं पुडकं.

कापेकाच्या हातातली चादर मातीत पडली. "तिथेच थांब! पुढे पाऊल टाकू नकोस!"

योकेपा थांबला. त्याने खाली पाहिलं. "काय झालं, कापेकाताई? बूट काढून येऊ का?"

"तू... तुला सोडलं कसं त्यांनी?"

"रजा काढली. आठ दिवसांची. का, हॉटेलवाल्यांनी काही कळवलं?"

लाहेला दारात आली. तिने बापाकडे पाहिलं. मग केसातली टाचणी काढत ती तीन ढांगांत त्याच्यापाशी पोचली, त्याचा उजवा हात धरला, उताणा केला आणि तळहातात टाचणी टोचली.

योकेपा नुसता बघत राहिला. "काय शोधतेस गं?"

त्याला कळलंच नव्हतं. लाहेलाचा चेहरा मी तिच्या खिशातून पाहिला. तो मला पुन्हा पाहायचा नाही. तिने टाचणी आणखी दाबली. काही नाही. मागे कापेकाने देवाचं नाव घेतलं. मग तो हात न सोडता लाहेलाने टाचणी वर नेली आणि मनगटावर, घट्टा नव्हता तिथे, खुपसली.

"आई गं!" योकेपा उडालाच. पुडकं खाली पडलं. "वेड लागलंय का पोरी तुला? मास्तरणी आता बापालाही टोचतात?"

लाहेला हसायला लागली आणि हसता हसता जमिनीवर बसून रडली. तो एवढा मोठा माणूस वर उभा, मनगट चोळत, काय करावं ते न सुचून.

मग सगळं उलगडलं. मला टेबलावर ठेवलं होतं. योकेपाने भेगेची गोष्ट सांगितली, काठीची सांगितली, पाहुण्यांची सांगितली. सांगताना त्याचे कान लाल झाले. कापेका प्रत्येक वाक्याला "अरे देवा" म्हणत होती. मग तिने आत जाऊन लाहेलाची वेगळी वाटी उचलली आणि इतर वाट्यांत ठेवून दिली, कुणी बघत नाही असं समजून.

"म्हणजे तू त्या कचेरीत गेलीस," योकेपा शेवटी म्हणाला. "मला सोडवायला?"

"सोडवतात का कुणाला? तुमच्याकडे यायला."

"तिकडे? कायमची?"

"अर्ज दिलाय. सही करून."

योकेपाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे बघत, माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मला वाटायचं, तुला माझी गरज नाही. इथे बरी आहेस. म्हणून दूर राहायचो."

"मला वाटायचं, तुम्हाला माझी नाही."

हे दोघं बारा वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत होते. मी टपालाचा माणूस. मला हे ऐकून काय वाटलं असेल!

लाहेलाने डोळे पुसले, मला उचललं, पेन्सिल शोधली आणि दोन्ही बापापुढे ठेवलं.

"लिहा."

"आता काय लिहू? मी इथेच बसलोय की."

"कुठून लिहिलंत ते लिहा. आधी ठिकाण, मग तारीख. पहिलीतली मुलंही लिहितात."

योकेपाने माझ्यावर वाकून, जीभ दातांत धरून, माझ्या पाठीवर उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं. लाहेला मागे उभी राहून एकेक अक्षर तपासत होती.

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण मला दम लागतो. अर्ज परत मिळाला. पण त्या कचेरीच्या वहीत नाव आलेली मुलगी शहरातल्या शाळेला नको झाली. कुणी तसं बोललं नाही. जागा भरली म्हणाले. लाहेलाला मोठ्या बेटावर, ज्वालामुखीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, उसाच्या मळ्यातली एक लहान शाळा मिळाली. तिला ती हवी होती की नाही, हे मी सांगू शकत नाही. इतकंच पाहिलं की दर शनिवारी योकेपा घोड्यावरून तिथे येई, आणि तिचं स्वयंपाकघर त्या दिवशी जास्त खडखडे.

योकेपा कार्डं भाजतच राहिला. पोट त्याच्यावर होतं. पण चिमट्यात कार्ड धरण्याआधी तो प्रत्येकाला विचारू लागला, "ठिकाण लिहिलंत? तारीख?" लिहिलेलं नसेल तर भाजून देत नसे. पाहुण्यांना वाटे, हा पेलेआजीचा काही जुना विधी असावा. ते एकमेकांना कोपराने ढोसत आणि मोठ्या श्रद्धेने लिहीत. कुणीतरी म्हणे एका पुस्तकातही छापलं, की या बेटावरचे लोक ठिकाणाचं नाव लिहिल्याशिवाय आगीजवळ जात नाहीत.

योकेपा गेला त्याला खूप वर्षं झाली. अग्निकुंडातला लाव्हाही एकदा खाली खचला आणि ती भेग थंड पडली. लाहेला आता म्हातारी आहे. मी तिच्या कपाटात, शिवणाच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली पडलेला असतो. वर्षाकाठी ती मला एकदा काढते, वाचत नाही, नुसती हातावर ठेवते आणि गळलेला चुरा फुंकून टाकते. गंधकाचा वास गेला. निळा समुद्र राखाडी झाला. पुढल्या एखाद्या वर्षी तिच्या हातात माझा मधला तुकडाच राहील, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. मी दमलोय.

जाता जाता एक सांगतो, न विचारता. माझं चुकतही असेल. तुम्ही लांब कुठे जाल, डोंगर बघाल, आग बघाल, तिथली चमत्कारिक वस्तू घरी धाडाल. धाडा. पण सोबत दोन साध्या गोष्टी लिहा: मी अमुक ठिकाणी आहे, आणि तुझी आठवण येते. आपल्या माणसांना हे ठाऊकच आहे, असं समजू नका. योकेपा तसंच समजला होता.

माझ्या पाठीवर, अगदी तळाशी, त्याच्या हातची ती ओळ अजून शाबूत आहे. पेन्सिल इतकी दाबली होती की चित्राच्या बाजूनेही बोटाला लागते: 'किलाउएआ, ज्वालामुखीच्या काठावरून. बारा मे.' आणि त्याखाली, जागा नसताना कशीबशी बसवलेली आणखी दोन अक्षरं, जी तिने सांगितली नव्हती: 'ये गं'.